रशियात क्रांती का झाली हे समजून घ्यायचंय? आधी लोकांचे अर्ज वाचा

रशियन क्रांतीची कारणं म्हटलं की बहुतेकांकडे एक तयार लिस्ट असते. झारची एकहाती सत्ता, शेतकऱ्यांची गरिबी, कारखान्यातली पिळवणूक, पहिलं महायुद्ध, रास्पुतिन, लेनिन. लिस्ट चुकीची नाहीये. पण ती तोंडपाठ असलेल्या माणसाला विचारा की १८९१-९२ च्या दुष्काळात चार लाखांच्या आसपास माणसं मेली तेव्हा क्रांती का नाही झाली, आणि १९१७ मधे देशात धान्य असूनही का झाली, तर तो गप्प बसतो. मीही गप्पच बसायचो. मग कधीतरी १९०५ साली राजधानी पीटर्सबर्गच्या कामगारांनी झारला लिहिलेला अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि लक्षात आलं की आपण या इतिहासाचं टोकच चुकीचं धरलंय, कारणं मोजत बसण्यापेक्षा लोकांनी नेमकं काय मागितलं, कोणाकडे मागितलं आणि समोरून काय उत्तर आलं हे बघत गेलं तर कारणं सापडत जातात आणि ती एकमेकांवर कशी चढत गेली तेही कळतं.

तर वही घ्या आणि पाच रकाने आखा. कोण आले. काय मागितलं. कोणाकडे गेले. काय उत्तर मिळालं. आणि पाचवा रकाना, जो लोक हमखास विसरतात, बंदूक हातात असलेल्या शिपायाने त्या दिवशी काय केलं. प्रत्येक उठावाला एक ओळ द्या, घाई करू नका, दहा ओळी नीट भरल्या तरी पुष्कळ झालं.

सुरू करायच्या आधी दोन गोष्टी

पहिली म्हणजे तारखा. रशियात १९१८ च्या फेब्रुवारीपर्यंत जुनं कॅलेंडर चालायचं, ते विसाव्या शतकात आपल्यापेक्षा १३ दिवस मागे होतं आणि एकोणिसाव्या शतकात १२ दिवस. म्हणून फेब्रुवारी क्रांती आपल्या हिशोबाने मार्चमधे येते आणि ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरमधे. दोन पुस्तकांत दोन तारखा दिसल्या की लोक गोंधळतात, त्यामुळे वहीच्या वरच लिहून ठेवा की आपण कुठलं कॅलेंडर वापरतोय. मी खाली जुन्याच तारखा देतोय, १९१८ नंतरच्या अर्थातच नव्या.

दुसरी गोष्ट एक शब्द. जुन्या रशियनमधे अर्जाला चेलोबित्नाया म्हणायचे, म्हणजे कपाळ जमिनीला टेकवून केलेली विनंती. हा शब्द मनात ठेवा कारण त्यात सगळं नातं आलं. मागणारा हक्क म्हणून मागत नाहीये, बापाकडे मागावं तसं मागतोय, आणि त्याचा खरंच विश्वास आहे की झार चांगला आहे, वाईट आहेत ते मधले सरदार आणि अधिकारी, झारला फक्त कळायला हवं. हा विश्वास शेकडो वर्षं टिकला. तो कधी आणि कसा तुटला हे शोधणं म्हणजेच रशियन क्रांतीची कारणं शोधणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिली ओळ १६४८ पासून भरा

लोक थेट १९०५ ला उडी मारतात. तसं करू नका. मॉस्कोत १६४८ च्या जूनमधे जे झालं त्याला मिठाचं बंड म्हणतात. सरकारने १६४६ मधे मिठावर कर लावला, माल महागला, कर मागे घेतला पण मग जुनी थकबाकी वसूल करायला लागले. झार अलेक्सेई मठातून यात्रा करून परत येत होता तेव्हा लोकांनी रस्त्यातच त्याला अर्ज द्यायचा प्रयत्न केला, पहारेकऱ्यांनी त्यांना हुसकावलं, काहींना पकडलं. दुसऱ्या दिवशी शहर पेटलं. आता पाचवा रकाना बघा, स्ट्रेल्ट्सी नावाचे जे शिपाई होते त्यांनी सरदारांसाठी सामान्य माणसांवर हत्यार उचलायला नकार दिला. त्यानंतरच झार नमला, त्याने एका नावडत्या अधिकाऱ्याला गर्दीच्या हवाली केलं आणि आपल्या लाडक्या सरदाराला, मोरोझोवला मात्र गर्दीसमोर गयावया करून वाचवलं.

पण खरा परिणाम पुढच्या वर्षी दिसला. १६४९ ची नवी कायदेसंहिता आली, तिने शहरातले लोक आणि छोटे जमीनदार यांचं बरंचसं ऐकलं आणि त्याची किंमत शेतकऱ्याकडून वसूल केली. पळून गेलेल्या भूदासाला, म्हणजे मालकाच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्याला, शोधायची मुदत आधी ठराविक वर्षांची असायची, ती मुदतच काढून टाकली, म्हणजे कधीही सापडला तरी बायकापोरांसकट परत मालकाकडे. आणि त्याच संहितेत एक कलम असंही आहे की कचेरीत अर्ज न करता थेट झारकडे अर्ज द्यायचा नाही. हे कलम मी लाल पेनने लिहून ठेवलंय. मागण्याचं दार पहिल्यांदा इथे बंद व्हायला लागलं.

१६६२ चं तांब्याचं बंड मी एका ओळीत उरकतो, तुम्हीही उरका. सरकारने तांब्याची नाणी चांदीच्या भावाने चालवली, पगार तांब्यात द्यायचे आणि कर चांदीत घ्यायचे, तांब्याची किंमत कोसळली. लोक कोलोमेन्स्कोयेला झारच्या वाड्यावर गेले, त्याच्याशी बोलले, आश्वासन घेऊन निघाले, मग दुसरा जमाव आला आणि सैन्य सोडलं गेलं. या वेळी शिपाई झारच्या बाजूने राहिले, म्हणून बंड एका दिवसात संपलं. शेजारी शेजारी असलेल्या या दोन ओळी वाचा, फरक पाचव्या रकान्यात आहे.

दार बंद झालं की खोटा झार येतो

आता थेट १७६७. सम्राज्ञी कॅथरीन दुसरीने ऑगस्टमधे फर्मान काढलं की भूदासांनी आपल्या मालकाविरुद्ध तक्रारच करायची नाही, केली तर चाबकाचे फटके आणि सैबेरियात नेर्चिन्स्कला सक्तमजुरी. त्याच काळात याइक नदीकाठचे कोसॅक, म्हणजे सीमेवरचे लढवय्ये लोक, आपल्या अधिकाऱ्यांविरुद्ध पीटर्सबर्गला अर्जावर अर्ज पाठवत होते, काही होईना, १७७२ मधे त्यांनी बंड केलं आणि ते चिरडलं गेलं. पुढच्याच वर्षी १७७३ मधे त्याच कोसॅकांमधे येमेल्यान पुगाचोव्ह उभा राहिला आणि म्हणाला मी पीटर तिसरा आहे, कॅथरीनचा मारला गेलेला नवरा.

हे नीट समजून घ्या, कारण वाचणारे इथे पुगाचोव्हला नुसता ठग म्हणून सोडून देतात. खऱ्या झारकडे जायचा रस्ता बंद असेल आणि झार चांगलाच असतो हा विश्वास मात्र शाबूत असेल तर लोक काय करणार? ते दुसरा झार शोधणार. त्याच्यामागे कोसॅक होते, उरल भागातले बश्कीर लोक होते, उरलच्या कारखान्यांत जुंपलेले मजूर होते, १७७४ मधे त्याने कझान जाळलं आणि जुलैच्या शेवटी जाहीरनामा काढून शेतकऱ्यांना जमीन आणि मोकळीक देऊन टाकली. म्हणजे अर्जदाराने स्वतःच अर्ज मंजूर केला. १७७५ च्या जानेवारीत मॉस्कोत त्याला मारलं आणि कॅथरीनने याइक नदीचं नावच बदलून उरल केलं, लोकांनी ते नाव परत घेऊ नये म्हणून.

१८२५ चे डिसेंब्रिस्ट मात्र या वहीत वेगळ्या पानावर ठेवा. ते उमराव घराण्यातले अफसर, नेपोलियनच्या मागे पॅरिसपर्यंत जाऊन आलेले, त्यांना राज्यघटना हवी होती. १४ डिसेंबरला सिनेट चौकात ३,००० च्या आसपास शिपाई उभे केले, संध्याकाळपर्यंत तोफा चालल्या आणि पुढच्या वर्षी पाच जणांना फाशी. शेतकरी यात कुठेच नाही. सुशिक्षितांची मागणी आणि गावाची मागणी रशियात फार उशिरापर्यंत वेगवेगळ्या रस्त्यांनी चालत होत्या, १८७४ मधे शहरातली पोरं शेतकऱ्यांना जागं करायला खेड्यात गेली तर काही ठिकाणी शेतकऱ्यांनीच त्यांना पोलिसांच्या ताब्यात दिलं.

१८६१ ला थांबा, इथे वेळ द्या

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवायला हवा आणि सगळ्यात कमी वेळ इथेच घालवला जातो. क्रिमियन युद्धात हरल्यावर झार अलेक्झांडर दुसरा १८५६ मधे मॉस्कोच्या उमरावांना म्हणाला होता की भूदासत्व खालून मोडेपर्यंत वाट बघण्यापेक्षा ते वरून काढलेलं बरं. १९ फेब्रुवारी १८६१ ला जाहीरनामा निघाला आणि जमीनदारांच्या मालकीचे दोन कोटींच्या वर भूदास कायद्याने मोकळे झाले. पुस्तकात इथे पूर्णविराम असतो. तुम्ही हिशोब करा.

जमीन फुकट मिळाली नाही, विकत घ्यायची होती. किंमत कशी ठरली? बाजारभावाने नाही, शेतकरी वर्षाला मालकाला जो पैसा देत होता त्यावरून. तो पैसा म्हणजे ६ टक्के व्याज असं धरून मूळ रक्कम काढली, म्हणजे वर्षाला ६ रुबल देत असाल तर किंमत १०० रुबल. यातले साधारण २० शेतकऱ्याने मालकाला द्यायचे, ८० सरकार मालकाला देणार आणि ते सरकारला शेतकऱ्याने फेडायचे, ४९ वर्षं, दरसाल ६ टक्के. ८० चे ६ टक्के म्हणजे ४ रुबल ८० कोपेक, गुणिले ४९, म्हणजे २३५ रुबल. वरचे २० धरले तर १०० रुबलच्या जमिनीचे अडीचशेच्या वर. आणि ती १०० ही किंमतच अनेक भागांत बाजारभावापेक्षा फुगलेली. वर कित्येक ठिकाणी जी जमीन आधी तो कसत होता तिचाच तुकडा कापून मालकाकडे ठेवला, अशा तुकड्यांना ओत्रेझ्की म्हणायचे, आणि कापलेला तुकडा नेमका पाण्याजवळचा किंवा चराईचा असायचा. हप्ते फेडायची जबाबदारी एकट्यादुकट्याची नाही तर अख्ख्या गावाची, ज्याला मीर म्हणायचे, त्यामुळे गाव सोडून जायचं तर मीरची परवानगी.

आता बेझ्द्ना गाव वहीत घ्या, कझान प्रांत, एप्रिल १८६१. जाहीरनामा इतका किचकट होता की गावात वाचून कोणाला कळेना. अंतोन पेत्रोव नावाच्या, जेमतेम वाचता येणाऱ्या शेतकऱ्याने तो वाचला आणि सांगितलं की यात खरं स्वातंत्र्य दिलंय, पूर्ण जमिनीसकट, जमीनदार आणि अधिकारी ते लपवतायत. आजूबाजूच्या गावांतून हजारो लोक त्याच्या घराभोवती जमले. सैन्य आलं, पेत्रोवला द्या म्हणालं, लोक हलले नाहीत, गोळीबार झाला आणि पन्नासच्या वर माणसं मेली. पेत्रोवला गोळी घालून मृत्युदंड दिला. त्या लोकांनी झारला एक शब्द वाईट म्हटलेलं नाही. ते झारच्याच कागदावर विश्वास ठेवून मेले. मला हे दरवेळी वाचताना त्रास होतो.

हीच समजूत इतकी पक्की होती की १८७७ मधे चिगिरिन भागात क्रांतिकारकांनी शेतकऱ्यांना उठवायला झारच्या नावाचं खोटं गुप्त फर्मान छापलं, आणि शेतकरी त्यामागे खरंच गेले.

कारण खरं की खोटं हे तपासायची युक्ती

इथपर्यंत आलात की एक काम करा. तुमच्या मनात जे कारण असेल ते घ्या आणि असं वर्ष शोधा जेव्हा ते कारण पूर्ण ताकदीने होतं पण क्रांती झाली नाही. भूक घ्या. १८९१-९२ ला व्होल्गाकाठी भयानक दुष्काळ होता, वरून धान्याची निर्यातही बराच काळ चालू होती, क्रांती नाही. १९३२-३३ ला तर लाखोंनी माणसं मेली, क्रांती नाही. युद्ध घ्या. १८५६ ला रशिया हरला, क्रांती नाही, उलट सुधारणा आल्या. म्हणजे भूक आणि युद्ध ही कारणं नाहीत असं नाही, पण ती एकटी पुरत नाहीत. उपाशी माणूस आधी अन्न शोधतो, चौकात उभं राहायला त्याच्याकडे थोडी ताकद, शेजारी चार माणसं आणि कोणीतरी आपलं ऐकायला हवं होतं ही भावना लागते.

१८९१-९२ च्या दुष्काळाने मात्र एक वेगळं काम केलं. सरकारी मदत अपुरी पडली तेव्हा डॉक्टर, शिक्षक, झेम्स्त्वो म्हणजे जिल्ह्या-प्रांताच्या निवडून आलेल्या संस्था, हे लोक खेड्यात उतरले आणि त्यांना वाटायला लागलं की राज्यकारभारात आपल्यालाही जागा हवी. त्वेरच्या झेम्स्त्वोने अगदी नम्र भाषेत तसं सुचवलं. नवा झार निकोलस दुसरा १७ जानेवारी १८९५ ला त्या लोकांसमोर उभा राहून म्हणाला की ही निरर्थक स्वप्नं आहेत. हीसुद्धा एक ओळ आहे, अर्ज केला आणि काय उत्तर मिळालं. फरक इतकाच की या वेळी अर्जदार सुशिक्षित होता आणि त्याने उत्तर लक्षात ठेवलं.

१९०५, वहीतलं सगळ्यात मोठं पान

आता पीटर्सबर्गला या. अर्थमंत्री वित्तेच्या काळात परदेशी भांडवल आलं, रेल्वे पसरली, अवाढव्य कारखाने उभे राहिले आणि त्यात काल-परवापर्यंत गावात असलेली माणसं भरली. १८९७ च्या कायद्याने दिवसाचं काम साडेअकरा तासांवर आणलं, म्हणजे त्याआधी किती असेल बघा. युनियनला परवानगी नव्हती, संपाला परवानगी नव्हती. पोलिसांनीच मग एक मार्ग काढला, आपल्या नजरेखाली कामगारांच्या संघटना चालवायच्या, आणि अशाच मंजुरी असलेल्या एका संघटनेचा पुढारी होता पाद्री गापोन.

पुतिलोव कारखान्यातून या संघटनेच्या चार कामगारांना काढल्याचं निमित्त झालं, ३ जानेवारीला संप सुरू झाला आणि आठवड्याभरात शहरातले लाखाच्या वर कामगार बाहेर आले. त्यांनी अर्ज लिहिला. तो मिळवा आणि पूर्ण वाचा, भाषा जुन्या चेलोबित्नायाचीच आहे, आम्ही तुझ्याकडे न्याय आणि आसरा मागायला आलोय, दुसरीकडे जायला आम्हाला जागा नाही, नाहीतर इथेच तुझ्या वाड्यासमोर मरू. पण मागण्या बघा. आठ तासांचं काम, बोलायचं स्वातंत्र्य, सगळ्यांच्या मताने निवडलेली घटना समिती, जपानबरोबरचं युद्ध थांबवा, आणि शेतकऱ्यांचे जमिनीचे हप्ते रद्द करा. शहरातला कामगार १८६१ चे हप्ते रद्द करा म्हणतोय! म्हणून मी वर म्हटलं की त्या पानावर थांबा. त्याचा भाऊ अजून गावात ते भरतोय.

९ जानेवारीचा रविवार. हातात देवाच्या मूर्तिचित्रांच्या पाट्या, झारच्या तसबिरी, सोबत बायका-मुलं. झार शहरात नव्हताच, त्सार्स्कोये सेलोला होता. नार्वा दरवाजा, त्रोइत्स्की पूल, राजवाड्याजवळचा भाग, ठिकठिकाणी गोळीबार झाला, सरकारी आकडाच १३० च्या आसपास मृत्यूंचा. आणि दहा दिवसांनी झारने काय केलं, अधिकाऱ्यांनी निवडलेल्या काही कामगारांना भेटीला बोलावलं आणि सांगितलं की मी तुम्हाला क्षमा करतो. ज्यांची माणसं मेली त्यांना क्षमा. चौथा रकाना भरताना हे वाक्य विसरू नका, माझ्या दृष्टीने ते गोळ्यांइतकंच महत्त्वाचं आहे.

फेब्रुवारीत झारने लोकांना सूचना पाठवायची परवानगी दिली आणि गावागावांतून ठराव आणि अर्जांचा पूर आला, जमीन द्या, हप्ते बंद करा, शाळा द्या. ऑगस्टमधे ती परवानगी मागे घेतली. तोवर गावांना एकत्र बसून मागणी लिहायची सवय लागली होती. मग ऑक्टोबरचा देशव्यापी संप, रेल्वेसकट सगळं ठप्प, आणि १७ ऑक्टोबरचा जाहीरनामा, दूमा म्हणजे संसद मिळेल. शेतकऱ्यांचे हप्ते आधी निम्मे आणि १९०७ पासून पूर्ण रद्द.

तरी १९०५ मधे झार टिकला. का? पाचवा रकाना. पोट्योम्किन युद्धनौकेवर किडलेल्या मांसावरून बंड झालं हे खरं, पण जपानशी तह ऑगस्टमधेच झाला होता, मुख्य सैन्य आज्ञेत राहिलं आणि डिसेंबरमधे मॉस्कोचा उठाव सेम्योनोव्स्की रेजिमेंटने मोडला.

त्यानंतरची वर्षं भराभर

पहिली दूमा जमीन मागायला लागली, ७२ दिवसांत बरखास्त. दुसरी ३ जून १९०७ ला बरखास्त आणि निवडणुकीचा कायदाच असा बदलला की जमीनदारांचं वजन वाढलं. पंतप्रधान स्तोलीपिनने मीर मोडून स्वतंत्र शेतकरी उभा करायचा प्रयत्न केला, १९११ मधे कीवला त्याला गोळी घातली. ही सुधारणा पूर्ण झाली असती तर क्रांती टळली असती का यावर लोक तासन्‌तास भांडतात, मला वाटतं ते भांडण वहीबाहेर ठेवावं.

सैबेरियातल्या लेना सोन्याच्या खाणी मात्र घ्याच. १९१२, सडकं मांस दिलं म्हणून संप, ४ एप्रिलला कामगार सरकारी वकिलाला आपले लेखी जबाब द्यायला चालत निघाले होते. परत अर्जच! सैन्याने गोळ्या घातल्या, मृतांचे आकडे दीडशेपासून अडीचशेच्या वरपर्यंत दिले जातात. दूमात प्रश्न आला तर गृहमंत्री मकारोव म्हणाला की असंच होत आलंय आणि असंच होत राहील. त्या वर्षी सात लाखांच्या वर कामगार संपावर गेले. आणि तिथे चौकशीला गेलेल्या वकिलांमधे एक तरुण होता अलेक्झांडर केरेन्स्की, त्याचं नाव पुढे लागणार आहे.

रशियन नसलेल्या प्रजेचं पानही जोडा, पोलंडचे १८३० आणि १८६३ चे उठाव, आणि १९१६ मधे मध्य आशियातल्या लोकांना युद्धाच्या मजुरीला न्यायचा हुकूम निघाल्यावर पेटलेलं मोठं बंड.

१९१७ मधे लोकांनी झारला अर्ज लिहिला नाही

फेब्रुवारी १९१७ ची ओळ भरायला घ्याल तेव्हा दुसऱ्या रकान्यात भाकरी लिहाल, आणि तिसऱ्या रकान्यात, कोणाकडे गेले, तिथे पेन थांबेल. कोणाकडेच नाही. २३ फेब्रुवारीला महिला दिनी पेट्रोग्राडच्या (पीटर्सबर्गचंच युद्धकाळातलं नाव) विबोर्ग भागातल्या कापड गिरण्यांतल्या बायका बाहेर पडल्या, तासन्‌तास रांगेत उभं राहून कंटाळलेल्या, आणि त्यांनी शेजारच्या कारखान्यातल्या पुरुषांना बाहेर बोलावलं. हातात झारची तसबीर नव्हती. १९०५ आणि १९१७ च्या मधलं अंतर मोजायचं तर एवढं एकच बघा.

धान्य देशात होतं, पण सरकारी भावाने शेतकरी विकायला तयार नव्हता कारण त्या पैशात घ्यायला बाजारात माल नव्हता, रेल्वे युद्धात अडकलेली, आणि रेशन येणार अशी बातमी पसरलेली. झारकडे शेवटचा अर्ज केला तो दूमाच्या अध्यक्षाने, रोद्झ्यान्कोने, राजधानीत अनागोंदी आहे, लोकांचा विश्वास असलेलं सरकार द्या अशी तार झारला पाठवून. झार म्हणाला या जाड्याने काहीतरी मूर्खपणा लिहिलाय, मी उत्तरही देणार नाही.

२६ तारखेला व्होलिन्स्की रेजिमेंटने गर्दीवर गोळ्या चालवल्या. रात्री बराकीत शिपाई बोलत बसले, आणि २७ ला सकाळी सार्जंट किर्पिच्निकोव्हच्या पुढाकाराने त्यांनी बाहेर पडायला नकार दिला. त्यांच्या अफसराला मारलं, दुसऱ्या रेजिमेंटांना बोलवायला निघाले. हे शिपाई मुरलेले सैनिक नव्हते, मोठा भाग नव्या भरतीचा, गावातून आणलेला आणि आघाडीवर जायला घाबरलेला. २ मार्चला प्स्कोवला रेल्वेच्या डब्यात झारने सही केली आणि ३०० वर्षांचं घराणं संपलं.

ऑक्टोबरला जाताना बोल्शेविकांपासून, म्हणजे लेनिनच्या पक्षापासून, सुरुवात करू नका, झार गेल्यावर आलेल्या हंगामी सरकारपासून करा. आता अर्ज त्या सरकारकडे येत होते, जुलैपासून त्याचा पंतप्रधान असलेल्या केरेन्स्कीकडे. जमीन द्या. उत्तर, घटना समिती बसेपर्यंत थांबा. घटना समितीची निवडणूक सप्टेंबरची नोव्हेंबरवर ढकलली. युद्ध थांबवा. उत्तर, जूनमधे नवी चढाई. शेतकरी थांबला नाही, उन्हाळ्यापासूनच जमीनदारांच्या जमिनी वाटून घ्यायला लागला. गावांनी पाठवलेल्या २४२ मागणीपत्रांचा एक मसुदा समाजवादी क्रांतिकारी पक्षाच्या लोकांनी तयार केला होता. सत्ता घेताच लेनिनने २६ ऑक्टोबरला जमिनीचा हुकूम काढला त्यात तोच मसुदा जवळपास तसाच उचलला. पुगाचोव्हची ओळ काढून याच्या शेजारी ठेवा.

वही १९१७ ला बंद करू नका

१९२१ चा मार्च, पेट्रोग्राडजवळचा क्रोन्श्टाट नौदल तळ. बोल्शेविकांचे सगळ्यात लाडके खलाशी १५ मागण्या लिहितात, सोव्हिएतच्या, म्हणजे कामगार-सैनिकांच्या परिषदांच्या, नव्या, गुप्त मतदानाने निवडणुका, बोलायचं स्वातंत्र्य, शेतकऱ्याला त्याच्या जमिनीवर मोकळीक. उत्तर, बर्फावरून हल्ला. आणि त्याच दिवसांत कम्युनिस्ट पार्टीच्या दहाव्या अधिवेशनात धान्याची सक्तीची वसुली बंद करून कर लावायचा निर्णय, कारण तांबोव प्रांताचे शेतकरीही बंड करून उठले होते. मागणाऱ्याला मारलं आणि मागणीचा अर्धा भाग मान्य केला, १६६२ लाही असंच झालं होतं, बंड चिरडून पुढच्या वर्षी तांब्याची नाणी मागे घेतली होती.

दक्षिण रशियातलं नोवोचेर्कास्क शहर, जून १९६२. मांस आणि लोण्याचे भाव २५-३० टक्क्यांनी वाढले, त्याच वेळी रेल्वे इंजिनाच्या कारखान्यात मजुरीचे दर कापलेले. कामगार लाल झेंडे आणि लेनिनची तसबीर घेऊन पार्टीच्या ऑफिसकडे निघाले. झारच्या जागी लेनिन, बाकी १९०५ चंच चित्र. जनरल शापोश्निकोवने पुलावर आपल्या रणगाड्यांना गोळीबार करू दिला नाही, शहरातल्या चौकात मात्र गोळ्या चालल्या, २६ जण मेले, नंतर ७ जणांना मृत्युदंड झाला आणि सोव्हिएत नागरिकांना याचा पत्ता लागायला ऐंशीच्या दशकाचा शेवट उजाडला.

शेवटची ओळ जुलै १९८९, सैबेरियातल्या कुझबास कोळसा पट्ट्यातल्या मेझ्दुरेचेन्स्क गावचे खाणकामगार. खाणीतून वर आल्यावर अंग धुवायला साबण नाही. मागण्यांच्या यादीत साबण होता, खाण्याच्या वस्तू होत्या. या वेळी सरकारने गोळ्या घातल्या नाहीत, वाटाघाटी केल्या, लेखी आश्वासनं दिली, आणि त्यातली बरीच पाळता आली नाहीत. १९९१ च्या वसंतात तेच खाणकामगार पुन्हा संपावर गेले. त्या ओळीचा दुसरा रकाना भरताना साबण शोधू नका, तिथे देशाचा प्रमुख गोर्बाचोव्हच्या राजीनाम्याची मागणी लिहायचीये.